आधी म्हातारीचा पार्ट

सारंगपाणिरावांची आणि माझी ओळख झाली ती एका मयतामुळे, आणि ते मयत मुळात झालंच नव्हतं.

लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. ह्यांची बँकेतली बदली कुंभकोणमला झाली आणि दोन ट्रंका, एक वळकटी आणि आईनं बांधून दिलेली थालीपिठाची भाजणी घेऊन आम्ही पुण्याहून निघालो ते सारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीत येऊन उतरलो. तिथल्या तिसऱ्या सकाळी शेजारच्या ओट्यावरून कुणा बाईनं असा काही टाहो फोडला की माझ्या हातातली पळीच गळून पडली. पाठोपाठ ऊर बडवल्याचा आवाज. शेजारी कुणीतरी गेलं, एवढं नक्की झालं. परमुलखात, भाषा येत नसताना, समाचाराला जायचं कसं? मी चुलीवरचा भात उतरवला, पदर सावरला आणि भीत भीत बाहेर आले. पाहते तर ओट्यावर पन्नाशीचे एक उघडेबंब गृहस्थ मांडी घालून बसलेले, कपाळाला अंगार-अक्षतेची काळी रेघ आणि टिकली, मागे शेंडीची गाठ, आणि तो आकांत त्यांच्याच गळ्यातून निघत होता. समोर परकर-पोलक्यातली एक शाळकरी मुलगी तोंडाचा आ करून त्यांच्याकडे बघत होती. मला पाहिल्याबरोबर ते थांबले. डोळ्यांत पाणी तसंच होतं, पण चेहरा अगदी दुपारची झोप काढून उठल्यासारखा झाला.

"घाबरूं नोको बाई," ते म्हणाले. "कोणीं मेलें नाहीं. शाळेच्या नाटकांत राणीचें मूल मेलें. ही राणी, आणि हिला रडायलाच येत नाहीं."

मी म्हटलं, "अगंबाई, तुम्ही मराठी?"

"मग? अडीचशें वर्षें हिंगेच आहों आम्ही," ते म्हणाले. "तुम्ही कोण?"

मी आपली घरात गेले आणि भात पुन्हा चुलीवर ठेवला.

पुढे कळलं की गावातल्या सगळ्या शाळांची आणि सभांची, म्हणजे गाण्या-नाटकाच्या मंडळांची, नाटकं तेच बसवतात. त्यांना सगळे 'ड्रामा वाद्यार' म्हणत, म्हणजे नाटकाचे मास्तर. घरात चार मोठ्या पेट्या भरून मुकुट, दाढ्या, जरीचे घागरे आणि गदा. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. घरात ते आणि लग्नाच्या वयाची मुलगी कोमळवल्ली, दोघंच. त्यांना मी तिथल्या रीतीप्रमाणे 'मामा' म्हणू लागले आणि कोमळ मला 'अक्का' म्हणू लागली. त्यांची मराठी ऐकली की मला इतिहासाच्या पुस्तकातलं कुणीतरी उठून आल्यासारखं वाटे. इथे-तिथेला ते हिंगे-तिंगे म्हणत, सगळ्यांना अस्के; मधूनच तमिळ शब्द येत, मधूनच बखरीतलं क्रियापद. माझी मराठी त्यांना उद्धट वाटायची. "पुण्याचीं माणसें बोलत नाहींत, हुकूम सोडतात," असं त्यांनी एकदा ह्यांना तोंडावर सांगितलं होतं.

लहानपणी ते बॉइज कंपनीत होते. तेव्हा तिकडे अशा मुलांच्या नाटक कंपन्या असत. सगळे पार्ट पोरंच करायची, बायांचेसुद्धा. नवव्या वर्षी कुणीतरी त्यांना कंपनीत घातलं आणि पहिल्याच नाटकात त्यांनी राजाच्या आजीचं काम केलं. नऊ वर्षांची आजी! मी हसले तर ते रागावले. "हसायला काय झालें? तीच पद्धत. नवा पोर आला कीं आधीं म्हातारीचा पार्ट. एके जागीं बसायचें, खोकायचें, दोन वाक्यें बोलायचीं. तें जमलें कीं सखी. सखी जमली कीं राणी. पायरी सोडून कोणी चढत नाहीं." ते स्वतः आजीची सखी झाले, सखीची राणी झाले, आणि सोळाव्या वर्षी आवाज फुटला तेव्हा राणीला मुकुट उतरवून दिवाबत्तीच्या कामाला लावण्यात आलं. हे सांगताना ते सुपारी कातरत होते. दुःख झालं का, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नसे. खोटं रडणं इतकं उत्तम येणाऱ्या माणसाचं खरं रडणं ओळखायचं कसं, हा गुंता माझ्या मनात तिथे असेपर्यंत सुटला नाही.

त्यांच्या अंगात ती राणी मात्र मुक्कामालाच होती. बाजारातून येताना डाव्या हाताची बोटं अशी काही धरायचे की निऱ्या सावरताहेत असं वाटावं. विड्याची पानं पुसायची तर आधी मान कलती करून पानाकडे बघणार. नळावर बायकांची भांडणं लागली की हे ओट्यावरून ऐकत आणि भांडण मिटल्यावर त्यातल्या एकीला बोलावून सांगत, "तूं हात फार लौकर वर केलीस. शेवटीं करायचा." बाई पुन्हा भडकायची. यांना वाटायचं आपण उपकार केला.

रविवारी सकाळी गावातल्या एका थेटरात इंग्रजी पिक्चर लागे. मामांना इंग्रजी यायचं ते सही करण्यापुरतं आणि पाटीवरची नावं वाचण्यापुरतं, पण तो खेळ त्यांनी कधी चुकवला नाही. बहुतेक वेळा ते ह्यांना बरोबर नेत, कारण ह्यांना गोष्ट समजे. तिथेच त्यांना एडिथ क्रॅनवेल भेटली.

ही अमेरिकेतली नटी. पहिल्या पिक्चरमध्ये ती होती पाच मिनिटं. पिकल्या केसांची घरमालकीण, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. येते, नायकाला भाड्यावरून झापते, खुर्चीत बसते, आणि उठताना उजवा गुडघा धरून उठते. बस्स. मामांनी ह्यांच्या बरगडीत कोपर मारलं. "ही पोर बघा!"

"कुठली पोर?" हे म्हणाले.

"म्हातारीचा पार्ट करणारी. अठरा-वीसची असेल. गुडघा कसा धरली बघितलांत? आमच्या कंपनींत असें कोणाला जमलें नाहीं."

ह्यांनी घरी येऊन मला विचारलं, "त्या बाईला वीस वर्षांची कशावरून म्हणतात हे?" मला काय माहीत? मी मामांना विचारलं. त्यांचा हिशेब सरळ होता. सगळ्यात लहान पार्ट म्हातारीचा. सगळ्यात लहान पार्ट कंपनी कुणाला देते? सगळ्यात नव्या पोरीला. तेव्हा ती पोरगीच. मी म्हटलं, "अहो पण आपल्या तमिळ सिनेमात आईचं काम चांगली पोक्त बाई करते ना?" त्यावर ते म्हणाले, "मद्रासच्या लोकांनीं पद्धत सोडली, म्हणून तर असलीं पिक्चर येतात. अमेरिकेनें धरून ठेवली आहे." एवढ्या खात्रीनं कुणी बोललं की माझा स्वतःवरचा विश्वास उडतो. मला वाटलं, असेलही.

आणि गंमत बघा, सगळं त्यांच्या म्हणण्यासारखंच होत गेलं. सहा-आठ महिन्यांनी आली ती नायिकेच्या आईच्या कामात. केस अर्धेच पांढरे आणि पार्ट पाच मिनिटांवरून वीस मिनिटांवर. "चढली!" मामा म्हणाले. पहिल्या पिक्चरमध्ये नावांच्या पाटीवर तिचं नाव तळाशी होतं, ते आता मध्यावर आलं होतं. त्यापुढच्या पिक्चरमध्ये ती शाळेची मुख्य बाई होती, आणि केसांत फक्त एक पांढरी बट. आमच्या गल्लीत तिला एडित्तम्मा हे नाव पडलं. तिथली दाट दुधाची डिग्री कॉफी पिता पिता लोक तिच्या बढतीची चौकशी करू लागले. ह्यांना बँकेत बढती मिळाली तेव्हा इतकी चौकशी कुणी केली नव्हती.

कोमळला हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. रंग सावळा, डोळे मोठे, आणि गळा असा की परसात ओव्या म्हणायला लागली तर मी नळ बंद करून ऐकत बसे. बापाकडून नाटक शिकली होती पण बापापेक्षा वेगळी होती. मामा सगळं वाजवून करायचे, ही काही करतेय असं वाटायचंच नाही. जवळच्या तिरुनीलक्कुडी गावच्या उत्सवात तिनं केलेलं काम बघून मद्रासच्या एका फिल्म कंपनीचा माणूस थेट घरी आला. नायकाच्या आईचं काम होतं. ठरलेली बाई ऐनवेळी अंथरुणाला खिळली होती, आणि हिला म्हातारी करून बघायची त्याची तयारी होती.

तो माणूस गेल्यावर कोमळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. "अक्का, मी जात नाहीं. एकदां आई केलें कीं अस्के आईच म्हणतील. थांबलें तर पुढें नायिकेचें विचारतील कीं."

मामा मागच्या दारात येऊन उभेच होते. "थांबून कोणी राणी झालें नाहीं," ते म्हणाले. "आधीं म्हातारीचा पार्ट. एडित्तम्माला बघ. कोठें होती, कोठें आली!"

"अप्पा, ती अमेरिका."

"मग? तिंगे केलेलें हिंगे होणार नाहीं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं मत विचारावं असं तिला वाटत असणार. पण मला खरोखरच मत नव्हतं. मला सिनेमातलं काही कळत नव्हतं आणि समोर उभा असलेला माणूस आयुष्यभर तेच करत आलेला होता. आठवड्यानं मद्रासच्या गाडीला तिला पोचवायला आम्ही सगळे गेलो. गाडी सुटताना मामांनी खिडकीतून तिला एवढंच सांगितलं, "गुडघा विसरूं नोको."

आणि मग ते पिक्चर आलं. कोमळ जाऊन वर्ष होत आलं होतं. रीळ जुनं झिजलेलं, पडद्यावर सारख्या रेघा, आवाज मधेच बसायचा. पण पाटीवर पहिलंच नाव एडिथ क्रॅनवेल, एकटं, पडदाभर. आणि आली तीच मुळी घोड्यावरून उडी मारून! काळेभोर केस, सडपातळ बांधा. पियानो वाजवला, दोन तरुणांना झुलवलं, आणि शेवटी लग्न केलं. मामा बाकावर उभेच राहिले. मागच्यांनी ओरडून ओरडून त्यांना बसवलं. पुढच्या रविवारी पुन्हा तोच खेळ होता तेव्हा सगळी गल्ली घेऊन गेले, मलाही नेलं. "वाढलीच शेवटीं पोर!" ते सगळ्यांना सांगत होते. मला त्यातले कपडे फार जुन्या वळणाचे वाटले, आणि तसं मी म्हटलंही. "घोड्यावर बसायला नवे कपडे कोण घालतें?" ते म्हणाले. रीळ एवढं झिजलं का? तर पिक्चर उत्तम, जगभर चाललं, म्हणून झिजलं. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. मी वाद घातला नाही, कारण त्यांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं. कोमळचं दुसरंही काम आईचंच होतं आणि तिसरंही, त्याची त्यांना आता काळजी राहिली नाही. राणी व्हायला एडित्तम्मालासुद्धा वेळ लागलाच होता.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर माझा धाकटा भाऊ वसंता आमच्याकडे आला. अमेरिकेत दोन वर्षं शिकून नुकताच परतला होता. अमेरिकेहून आलेला माणूस म्हटल्यावर मामा कॉफीचा पेला घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. एडित्तम्मा सध्या कोणतं काम करते?

"एडिथ क्रॅनवेल?" वसंता म्हणाला. "अहो, ती आता दर आठवड्याला टेलिव्हिजनवर असते. मी राहायचो त्या घरातली म्हातारी तिचा कार्यक्रम चुकवायची नाही."

टेलिव्हिजन म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला. घरात एक पेटी असते, तिच्यात माणसं दिसतात, बोलतात. "म्हणजे थेटरांत जायचें नाहीं? ती घरीं येते?" मामांना ते पटेना. नायिका झालेली बाई लोकांच्या घरी कशाला जाईल? "आणि तिंगे काय करते?"

"आजीचं काम. नातवंडांना खाऊ घालते, सुनेला टोमणे मारते."

"आजी?" मामांनी पेला खाली ठेवला. "राणी झाल्यावर आजी?"

मग वसंतानं सांगितलं. त्याला बिचाऱ्याला यात काही आहे हे माहीतच नव्हतं. आपली आई लहान होती तेव्हा ही बाई बड्या नायिकांपैकी एक होती. मग वय झालं तशा आईच्या भूमिका आल्या, मग त्याही लहान लहान होत गेल्या, आणि सिनेमात काम मिळेना तेव्हा ती टेलिव्हिजनवर गेली. मी म्हटलं, "अरे पण इथे तर घोड्यावरचं पिक्चर आत्ता आलं." तो हसला. "अक्के, ते पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल. जुनी रिळं स्वस्तात मिळतात, ती तुमच्या गावाला येतात. तुम्ही सगळं शेवटाकडून बघितलंत."

मामा ओट्यावरून उठले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, "ती गुडघा धरून उठली तें?"

"गुडघा दुखत असेल," वसंता म्हणाला.

मी वसंताला खूण केली पण आता काय उपयोग होता? मामांनी खाली मान घालून विचारलं, "एकदां आईचा पार्ट केलेली, मग नायिका झाली, अशी कोणी आहे तिंगे?"

"मला तरी माहीत नाही," वसंता म्हणाला. "उलटं कसं होईल?"

कोमळ माझ्या पाटावर बसून म्हणाली होती ते शब्दाला शब्द खरं होतं, आणि ती फक्त बापाच्या शब्दाखातर गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा मद्रासला गेले. तिला घेऊन येतो म्हणाले. काही दिवसांनी परतले ते एकटेच. घराचं दार लावून घेतलं, ओट्यावर पोरींची तालीम बंद. मी दुपारी सुंठीची कढी आणि भात घेऊन गेले तेव्हा कुठे बोलले.

"स्टुडिओंत गेलों, बाई. झाडाखालीं एक म्हातारी बसली होती. तिला विचारलों, अम्मा, कुंभकोणची कोमळवल्ली कोठें आहे? म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग अप्पा म्हणून हाक मारली."

"अगंबाई! मग?"

"मग मी सांगितलों, चूक झाली, पायरी उलटी होती, घरीं चल. ती बोलली, मुलगी बघायला येणारे पिक्चरांतली म्हातारी बघूनच येतील, अप्पा. घरीं येऊन काय करूं? बोलली, काम आहे, दर महिन्याला आहे. रागावली नाहीं. रागावली असती तर... एवढी पोर आणि मला समजावत होती. केस पांढरे, तोंडावर रेघा. मी तिच्यापुढें लहान पोरासारखा उभा होतों."

हे सांगताना ते रडले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. मी कढी वाढली. त्यांनी भात कालवला आणि सगळा जेवले.

आमच्या बदलीचा हुकूम आला त्या महिन्यात कोमळचं पहिलं पिक्चर कुंभकोणमला लागलं. बरेच महिने रखडलेलं. गल्लीतले सगळे पहिल्या दिवशीच जाऊन आले. मामा गेले नाहीत. "मी बघून काय करूं? तिचें वाटोळें माझ्याच हातानें केलेलें, तेंच पडद्यावर बघूं?" ते ह्यांना म्हणाले. मी त्यांच्यामागे लागले नाही. पण शनिवारी दुपारी आम्ही दोघं निघालो तेव्हा ते अंगात सदरा घालून ओट्यावर उभे होते, आणि आमच्याबरोबर चालू लागले.

कोमळ पडद्यावर आली. मुलाची वाट बघत दारात बसलेली एक म्हातारी. थेटरात कुजबुज थांबली. काय सांगू, ती काही करतच नव्हती. नुसती बसली होती, धान्य निवडत होती, मधेच डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघत होती. ही आपल्याकडे मीठ मागायला येणारी मुलगी, हे माझ्या ध्यानातून गेलं. मधेच मी मामांकडे पाहिलं. माझी अपेक्षा होती की ते चुका काढत असतील, हात लवकर उचलला वगैरे. ते अजिबात हलत नव्हते.

खेळ सुटला. बाहेर उन्हानं डोळे दिपले. लोक मामांना बघून हात जोडत होते, कुणी काही बोलत होतं. सोड्याच्या गाडीपाशी हे बाटल्या फोडून घेत होते तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"बाई," ते म्हणाले, "तीस-चाळीस वर्षांनीं ती अशी दिसेल. होय ना?"

मी म्हटलं, "हो मामा. साधारण अशीच."

"तेव्हां मी कोठें असणार? कोणत्या बापाला हें बघायला मिळतें?" त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ते हसत होते की काय करत होते, मला शेवटपर्यंत समजलं नाही. "मी बघितलों. बरी दिसते."

ह्यांनी सोड्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. पुढच्या खेळाची रांग लागली होती, तिच्यात जाऊन ते उभे राहिले.